संगणक-शंकासमाधान : सेटअपची फाइल कुठे आहे?

विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतले जुने पण धडधाकट लॅपटॉप एका दिवसात बिनकामाचे ठरले. त्यांतल्या पुष्कळांवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे कोणी मुलाच्या, कोणी भाच्याच्या मदतीने त्यांवर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही कार्यप्रणाली घातली. भाचा दोन दिवस राहतो, सगळे सुरू करून देतो आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परत जातो. त्यानंतर चार-सहा दिवसांत आमच्याकडे पत्र येते. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत, ते म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

उत्तरांतल्या आज्ञा नेहमीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. त्या संगणकावर इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त इंग्रजी शिक्षक असून राजेंद्र नगरला राहतो. आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी मला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर हवे आहे. लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट २२ घालून दिले आहे. मी प्रथम संकेतस्थळावरून सेटअप उतरवला, तो उघडलाच नाही. नंतर 'डेब' नावाची फाइल मिळवली, तिने काहीतरी अवलंबून असल्याचे सांगून नकार दिला. मग एक संकुचित फाइल मिळाली, ती उलगडल्यावर शेकडो फाइली निघाल्या, पण त्यांत सेटअप कुठेच नव्हता. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा दिली तर 'अनेबल टु लोकेट पॅकेज' असे उत्तर आले. मी सर्व संदेश वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत व त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. आठ दिवस झाले, कॅसेट टेबलावर तशाच पडल्या आहेत.

उत्तर : आपण संदेश जसेच्या तसे उतरवून पाठवलेत यासाठी आपले मनापासून आभार. 'काहीतरी एरर आली' एवढेच लिहिणाऱ्या पत्रांना उत्तर देणे म्हणजे पोट दुखते एवढे ऐकून औषध देणे. आपल्या वहीच्या पानावर मात्र रोगाचे निदान आपल्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेले सापडले. शेवटच्या आज्ञेत आपण ऑडॅसिटी या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले आहे. विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू करायचे, हे ज्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले त्यांच्या हातून दुसरे काही होणेही कठीण होते. परंतु लिनक्सला मोठे 'ए' आणि लहान 'ए' ही दोन वेगळी अक्षरे वाटतात, आणि पॅकेजांची, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरची, नावे नेहमी लहान लिपीतच असतात. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑडॅसिटी' ही आज्ञा सगळी लहान अक्षरांत दिलीत तर दोन-चार मिनिटांत काम होईल. (देवनागरीत मोठी-लहान लिपीच नसल्याने हा फरक येथे छापून दाखवता येत नाही, ही या सदराची अडचण आहे.) टर्मिनल नको असेल तर मेनूतील 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडून तेथे नाव शोधा, इन्स्टॉलचे बटण दाबा आणि विचारला की पासवर्ड द्या.

कॅसेटींचे काम एवढ्यावर भागेल. पण आधीचे तीन प्रयत्न का फसले ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या सॉफ्टवेअरच्या वेळी पुन्हा आठ दिवस जातील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विंडोजवर आपल्याला एक सवय लागली : सॉफ्टवेअर हवे असेल तर ज्याने ते बनवले त्याच्या संकेतस्थळावर जायचे, तिथून सेटअप उतरवायचा आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जायचे. लिनक्सवर ही वाट पूर्ण बंद नाही, पण ती मागल्या दाराची वाट आहे. पुढचे दार म्हणजे भांडार. मिंट, उबंटू, डेबियन यांसारख्या प्रत्येक वितरणाचे (लिनक्सच्या तयार संचाचे) स्वतःचे भांडार असते. त्यात हजारो सॉफ्टवेअर त्या त्या आवृत्तीसाठी बांधून, तपासून ठेवलेली असतात. घरचा वाणी ठरलेला असला की आपण त्याच्याकडे यादी धाडतो, पिठासाठी गिरणी आणि तेलासाठी घाणा शोधत फिरत नाही. तसेच हे आहे. एकट्या डेबियनच्या भांडारात ६०,०००हून अधिक पॅकेजे आहेत. १९९३ साली इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनचा प्रकल्प सुरू केला, त्यावर २००४ मध्ये उबंटू उभे राहिले आणि उबंटूवर आपले मिंट. त्यामुळे मिंटच्या वाण्याकडचा बराचसा माल मुळात तिथूनच येतो.

आता आपली पहिली फाइल. ती विंडोजसाठी बनवलेली 'ईएक्सई' फाइल होती. तिच्यात विंडोजला उद्देशून दिलेल्या सूचना असतात आणि लिनक्स त्या ओळखत नाही. फाइल खराब नव्हती, फक्त पत्ता चुकला होता.

दुसरी फाइल अधिक उद्बोधक आहे. 'डेब' हा डेबियन घराण्याच्या पॅकेजचा प्रकार असल्याने तो मिंटवर चालतो, मात्र आपल्या वहीत फाइलच्या नावापुढे जो आवृत्ती-क्रमांक उतरवला आहे त्यावरून ती उबंटू १८.०४च्या काळातली दिसते. विंडोजवरचे बहुतेक सॉफ्टवेअर आपली शिदोरी स्वतःच्या पिशवीत घेऊन येते. लिनक्सवर मात्र अनेक सॉफ्टवेअर एकाच सामायिक लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या साठ्यावर, जेवतात, त्यामुळे जागा वाचते आणि त्या लायब्ररीतला एखादा दोष एकदा दुरुस्त केला की सर्वांसाठी दुरुस्त होतो. ऑडॅसिटीला खिडक्या, बटणे आणि मेनू काढण्यासाठी डब्ल्यूएक्सविजेट्स नावाची लायब्ररी लागते. आपल्या डेब फाइलला तिची जुनी आवृत्ती हवी होती, आणि मिंट २२ ज्या उबंटू २४.०४वर आधारलेले आहे तेथे ती आता मिळत नाही. आपल्याला आलेला डिपेंडन्सीचा (अवलंबून असण्याचा) नकार तो हाच. असे झाल्यावर काही लोक ती जुनी लायब्ररी कुठून तरी शोधून आणतात, मग तिला लागणारी आणखी जुनी लायब्ररी शोधतात आणि दोन तासांनी आपण मुळात काय करायला बसलो होतो हेच विसरून जातात. ॲप्ट ही आज्ञा याच छळातून सुटण्यासाठी बनली आणि १९९९च्या डेबियन २.१पासून ती सर्वांच्या हाती आली. हव्या त्या पॅकेजचे नाव सांगितले की त्याला काय काय लागते ते ती स्वतः पाहते, नेमक्या आवृत्त्या भांडारातून आणते आणि योग्य क्रमाने बसवते. शिवाय भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते व उतरवलेले प्रत्येक पॅकेज त्या यादीशी ताडून पाहिले जाते, त्यामुळे वाटेत कोणी माल बदलला तर तो पकडला जातो. अनोळखी संकेतस्थळावरच्या डेब फाइलला हे संरक्षण नसते. ती बसवताना तिच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या जातात, हेही ध्यानात असावे.

तिसरी फाइल म्हणजे ऑडॅसिटीचा मूळ कोड. त्यातून सॉफ्टवेअर घडवता येते, परंतु ते स्वयंपाक करण्यासारखे आहे, आणि आपल्याला तर वाढलेले ताट हवे होते. ती फाइल खुशाल काढून टाकावी. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जमलेल्या इतर फाइलींनाही तोच न्याय लावावा.

एक शंका आपल्या पत्रात नाही, पण ती लवकरच येईल : भांडारातली ऑडॅसिटी संकेतस्थळावरच्या आवृत्तीपेक्षा जुनी का दिसते? उबंटू २४.०४ आणि म्हणून मिंट २२ ही दीर्घकाळ चालवायची आवृत्ती आहे. तिच्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरचे क्रमांक प्रकाशनाच्या वेळी गोठवले जातात व पुढे मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या दिल्या जातात. मिंट २२ला हा आधार २०२९पर्यंत आहे. कॅसेट उतरवणे, खरखर कमी करणे आणि गाणी वेगळी कापणे यांसाठी भांडारातली आवृत्ती पुरून उरेल. रेकॉर्डिंग मात्र आधी एका कमी महत्त्वाच्या कॅसेटवर करून पाहावे, कारण आवाजाची पातळी फार वर ठेवली तर टाळांचा आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

प्रश्न : सर, मी एमसीएच्या पहिल्या वर्षाला असून भंवरकुआँजवळ खोली घेऊन राहते. उबंटू २४.०४ नवीनच घातले आहे. सी भाषेसाठी कंपायलर इन्स्टॉल करताना 'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश आला आणि पुढे 'अनअटेंडेड-अपजीआर' असे विचित्र नाव दिसले. मला तो व्हायरस वाटला. मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे मी ती लॉक फाइल काढून टाकली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आता कोणतेही सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला गेले की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असे येते. सगळे पुन्हा घालावे लागेल का?

उत्तर : नाही. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी' लिहून एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा देऊन 'कॉन्फिगर' हा शब्द जोडून लिहा, पुन्हा एक जागा सोडून एक रेघ आणि 'ए' हे अक्षर द्या. अर्धवट राहिलेली पॅकेजे यामुळे पूर्ण होतील. त्यानंतर 'सुडो ॲप्ट' आणि त्यापुढे दोन रेघांनी 'फिक्स-ब्रोकन', मग 'इन्स्टॉल' अशी आज्ञा द्या. अशा दहांपैकी नऊ प्रकरणांत एवढ्यावर गाडी रुळावर येते. त्यानंतर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज मागवा, त्यात कंपायलर आणि त्याचे सोबती एकदम येतात.

ते विचित्र नाव व्हायरसचे नव्हते. उबंटू सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतःहून पार्श्वभूमीत बसवते आणि ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव 'अनअटेंडेड-अपग्रेड' असे आहे. लिनक्सचे कर्नल (त्याचा गाभा) चालू प्रक्रियेच्या नावाची पहिली १५ अक्षरेच जपून ठेवते, म्हणून ते 'अपजीआर'वर तुटलेले दिसले. लॅपटॉप काही दिवसांनी सुरू केला की नेट मिळताच हे काम सुरू होते, आणि नेमके तेव्हाच आपण दुसरे काही इन्स्टॉल करायला जातो.

लॉक कशासाठी असते तेही पाहू. कोणते पॅकेज बसले आहे, कोणते अर्धे आहे, कोणते काढले आहे, या सर्वांची नोंद डीपीकेजी (पॅकेजे बसवणारे साधन) एका खतावणीत ठेवते. एकाच खतावणीत दोन कारकून एकाच वेळी लिहू लागले तर संध्याकाळी हिशेब लागायचा नाही, म्हणून पहिला लिहीत असताना दुसऱ्याला थांबवले जाते. लॉक फाइल काढणे म्हणजे पहिल्याची लेखणी चालू असताना दुसऱ्याला वही देणे. असा सल्ला देणाऱ्यांचे बहुतेक वेळा निभावून जाते, म्हणूनच तो टिकून आहे. तुम्ही त्यावर लॅपटॉपही बंद केला, त्यामुळे तुमचे निभावले नाही. पुढच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या, चहा घेऊन या. लॉक आपोआप सुटते.

हे लिहिताना मी फार शहाणपण मिरवू नये, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः याहून मोठा घोळ घातला होता. उबंटूची आवृत्ती चढवताना बाहेरची भांडारे आपोआप बंद केली जातात, ती मी जुन्या आवृत्तीच्या नावासकट पुन्हा चालू केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खात लॅपटॉप उघडला तर काळ्या पडद्यावर फक्त कर्सर लुकलुकत होता. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून साध्या टर्मिनलमध्ये शिरलो आणि 'पीपीए-पर्ज' या साधनाने बाहेरून आलेली पॅकेजे परत मूळ आवृत्तीवर आणली, तेव्हा पडदा उजळला. पोहे अर्थातच गार झाले होते.

प्रश्न : मी सियागंजमधील एका पेढीचे हिशेब सांभाळतो. मालकांनी खर्च वाचवण्यासाठी संगणकावर लिनक्स घातले आहे. टॅली कसे इन्स्टॉल करावे?

उत्तर : करू नये. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. वाईन नावाचा एक थर विंडोजच्या सूचना लिनक्सच्या सूचनांत बदलून देतो आणि त्यावर पुष्कळ सॉफ्टवेअर चालतातही, पण आज चालते ते पुढच्या अद्यतनानंतर चालेल याची हमी कोणी देत नाही. रिटर्न भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ते बंद पडले तर बोलणी तुम्हाला खावी लागतील, वाईनला नव्हे. एका संगणकावर परवान्यासह चालू आधाराचे विंडोज ठेवा आणि हिशेब त्यावरच करा. पत्रव्यवहार, ईमेल, दरपत्रके यांसाठी लिनक्सचा संगणक खुशाल वापरा. मशीन एकच असेल आणि त्यात निदान १६ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअल बॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विंडोज चालवण्याचा मार्ग आहे, मात्र त्यासाठीही विंडोजचा परवाना लागतोच. तेव्हा मालकांना अपेक्षित असलेली बचत या एका बाबतीत होणार नाही, हे त्यांना आताच सांगून टाकलेले बरे.

प्रश्न : मी रांगोळीचे नमुने काढते आणि ते छापण्याजोगे करण्यासाठी इंकस्केप शिकत आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते शोधले तर दोन पर्याय दिसतात : 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक'. दुसऱ्याचा आकार पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. शेजारचा मुलगा म्हणतो, 'काकू, ॲपइमेज घ्या.' नेमके काय घ्यावे? — लोकमान्य नगर

उत्तर : सिस्टिम पॅकेज घ्या. वरच्या पहिल्या उत्तरात ज्या भांडाराविषयी लिहिले तेच हे. ते आकाराने लहान असते, कारण लागणाऱ्या लायब्ररी तुमच्या संगणकावर बहुतेक आधीच असतात.

फ्लॅटपॅक वाईट नाही. त्यात सॉफ्टवेअर आपल्या लायब्ररींचा संच सोबत घेऊन येते, त्यामुळे ते मिंटवर, उबंटूवर, फेडोरावर सारखेच चालते आणि त्याची नवीन आवृत्ती लवकर मिळते. पहिले फ्लॅटपॅक घेताना हा संचही उतरवावा लागतो, म्हणून आकडा एवढा फुगलेला दिसतो. तोच संच वापरणारे दुसरे सॉफ्टवेअर घेतले तर तो पुन्हा उतरवावा लागत नाही. मोबाइलच्या डेटावर काम करत असाल तर मात्र हा पहिला फटका जाणवेल. फ्लॅटपॅकला तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचण्याची मुभाही मर्यादित असू शकते. एखाद्या सॉफ्टवेअरला पेनड्राइव्हवरचा नमुना दिसेनासा झाला तर संगणक बिघडला असे समजू नका, त्याला तेवढी परवानगी नाही असे समजा. मिंट २२मध्ये मूळ निर्मात्याने पडताळून न दिलेली फ्लॅटपॅक मुळात लपवलेली असतात. हे मला योग्य वाटते, ती सेटिंग बदलू नका.

शेजारच्या मुलाची ॲपइमेज म्हणजे एका फाइलीत कोंबलेले संपूर्ण सॉफ्टवेअर. ती इन्स्टॉल करावी लागत नाही, पण उतरवल्यावर नुसते दोनदा क्लिक करून ती सहसा उघडतही नाही. फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे आणि 'परमिशन्स'मध्ये ती प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची मुभा द्यावी लागते. शिवाय ती मेनूत आपोआप येत नाही आणि बहुतेक वेळा स्वतःहून अद्ययावतही होत नाही, ते तुम्हालाच लक्षात ठेवावे लागते. एखादे सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठेच नसेल तेव्हा तिचा उपयोग आहे. इंकस्केपसाठी त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

उबंटूवर 'स्नॅप' नावाचा आणखी एक प्रकार आढळतो. मिंटने तो २०२०मध्ये आलेल्या २०व्या आवृत्तीपासून बंद ठेवला आहे, तेव्हा तुम्हाला त्याची चिंता नाही.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाची जुनी पत्रके कृतिदेव फाँटमध्ये आहेत. लिनक्सवर ती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर कोणते इन्स्टॉल करावे?

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मध्य प्रदेशात ते हमखास एकमेकांत गुंततात, कारण इथली कितीतरी हिंदी-मराठी टंकलेखनाची कामे वर्षानुवर्षे कृतिदेवमध्ये झाली. कृतिदेव युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामायिक पद्धत, नाही. त्यात फाइलीमध्ये इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. 'डी'चा 'क' होतो आणि 'के'चा काना. म्हणून फाँट नसलेल्या संगणकावर 'काका' हा शब्द 'डीकेडीके' असा दिसतो. तो कचरा नसून मेकअप उतरवलेला नट आहे. तुमच्याकडे त्या फाँटची अधिकृत प्रत असेल तर फाइलवर दोनदा क्लिक करून, उघडणाऱ्या खिडकीतून ती इन्स्टॉल करा, जुनी पत्रके पूर्ववत दिसतील. जी पत्रके दरवर्षी तारीख बदलून वापरता ती मात्र परिवर्तकाने एकदाच युनिकोडमध्ये आणून ठेवा आणि नंतर डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा परिवर्तनात हमखास चुकतात.

नवीन मराठी लिहिण्यासाठी देवनागरी फाँट मिंट-उबंटूमध्ये मुळातच असतात. 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज भांडारातून घ्या, मग संगणकातून एकदा लॉगआउट होऊन पुन्हा आत या. हे केले नाही तर टंकलेखन-पद्धतींच्या यादीत काहीच नवीन दिसत नाही आणि लोक पॅकेजलाच दोष देतात. यादीत मराठीखाली इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण कळमांडणी) आणि ध्वन्यात्मक (उच्चारानुसार टाइप करायचा) असे प्रकार मिळतील. ध्वन्यात्मक पहिल्या दिवशी सोपा वाटतो, पण रोज लिहायचे असेल तर इन्स्क्रिप्ट शिकावा असे माझे मत आहे. त्यात 'ळ' शिफ्ट आणि 'एन' यांवर आहे. इंदूरच्या मंडळाच्या पत्रकावर 'होलकर' आणि 'तिलक' छापून येऊ नये एवढ्यासाठी तरी ती कळ पाठ असावी.

प्रश्न : टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप केला तर काहीच उमटत नाही. की-बोर्ड बिघडला आहे का? उबंटू २४.०४ आहे.

उत्तर : बिघडलेला नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये म्हणून तिथे चांदण्याही दाखवल्या जात नाहीत. (मिंटमध्ये त्या दाखवल्या जातात.) न बघता टाइप करून एंटर दाबावे. एवढे करूनही पासवर्ड चुकीचा ठरत असेल तर आधी कॅप्स लॉक पाहा आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातली भाषेची खूण पाहा. आधी मराठी लिहीत असाल तर तिथे मराठीच निवडलेली असते, आणि मग बिनबोभाट, न दिसणाऱ्या देवनागरीत तुमचा पासवर्ड टाइप होत राहतो. सुपर (विंडोजची खूण असलेली) आणि स्पेस या कळा एकत्र दाबून इंग्रजीवर या. तीन वेळा चुकले तरी काही लॉक होत नाही, फक्त ती आज्ञा रद्द होते. वरचा बाण दाबला की तीच आज्ञा परत येते, ती पुन्हा टाइप करण्याची गरज नाही.